पुढचं डावं चाक

१८ एप्रिल, मंगळवार

आज बाबांच्या हातून पॉलीन गब्ब मेली असती. वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. राहू दे. इथे तरी जसं आहे तसं.

शाळा सुटायच्या वेळी बाबा आमची जुनी कॅम्पर व्हॅन घेऊन चॅपलच्या उतारावरून खाली येत होते. उताराच्या पायथ्याशी प्राथमिक शाळा. पॉलीन रोज सकाळ-दुपार तिथे रस्त्याच्या मधोमध गोल पाटीची काठी घेऊन उभी राहते आणि मुलांना पलीकडे सोडते. उरलेला दिवस ती गावातलं दुकान चालवते. तिने काठी आडवी धरली. व्हॅन थांबली नाही. पॉलीनने एका लहान मुलीला दप्तराला धरून मागे ओढलं आणि स्वतः कडेला पडली. काठीवरून चाक गेलं. व्हॅन पुढे जाऊन चॅपलच्या मातीच्या बांधात घुसून थांबली.

मी शिकवते त्या शाळेतून परतत होते, गर्दी पाहून गाडी थांबवली. बाबा व्हॅनच्या पायरीवर बसले होते, हातात कुणीतरी दिलेला गोड चहा. तोंड पांढरं पडलेलं. "पेडल दाबलं गं," ते म्हणाले, "काही लागलंच नाही. ब्रेक गेले."

मी वळून सगळ्यांना तेच सांगितलं. ब्रेक गेले. पॉलीनच्या सोललेल्या गुडघ्यावर रुमाल धरून तिलाही तेच सांगितलं. पोलिसांना कुणी बोलावलं नाही. आमच्या गावात सगळेजण बाबांना, विल्फ यो यांना, ओळखतात. साठ वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाचं कुत्रंसुद्धा चिरडलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांची एक स्लिपर जिन्यात राहिली होती आणि ते एकाच पायात स्लिपर घालून स्वयंपाकघरात हिंडत होते. मी दाखवली तेव्हा त्यांना कळलं. धक्का बसलाय त्यांना.


१९ एप्रिल, बुधवार

शाळेतून लवकर आले आणि व्हॅन जॅकवर घेतली. लहानपणापासून या गाडीखाली मी बाबांना पाने पुरवत आले आहे, त्यामुळे ब्रेक उघडणं मला परकं नाही. १९६९ची गाडी, चारही चाकांना जुने ड्रम-ब्रेक. पुढचं डावं काढलं. आतले ब्रेक-शू चांगले, जाडी भरपूर, कुठे ओल नाही. ब्रेक ऑइल रेषेपर्यंत. पेडल दाबलं तर कडक. बाकीची तीन चाकंही तशीच. मग गल्लीत चालवून पाहिली. जिथे थांबवायची तिथे थांबली. ड्रमचे ब्रेक काही फार जोरदार नसतात, पण हे चांगले होते.

परत आले तेव्हा बाबा खिडकीत उभे होते. "सापडलं?" त्यांनी विचारलं.

"बघतेय," मी म्हटलं.

कदाचित हवेचा बुडबुडा असेल, आला आणि गेला. कदाचित बाबा गोंधळले असतील, कुणीही गोंधळेल.

आमच्या देशात गाडीला चाळीस वर्षं उलटली की वार्षिक तपासणी माफ होते. आणि माणसाची सत्तरी उलटली की दर तीन वर्षांनी तो स्वतःच कळवतो की मी गाडी चालवायला धड आहे. दोघांनाही कुणी तपासत नाही. आजवर मला हे छान वाटायचं. म्हाताऱ्या गोष्टींवर टाकलेला विश्वास, असं काहीतरी मी एकदा वर्गात म्हटलंही होतं.

संध्याकाळी दूध आणायला गेले. पॉलीन गुडघ्याला पट्टी बांधून गल्ल्यावर.

"ब्रेकचं काम शेवटचं कुणी केलं होतं गं?" तिने विचारलं.

"रॉयने. फेब्रुवारीत."

"वाटलंच. फोन कानाला लावून पाना फिरवतो तो."

मी पैसे मोजून दिले. फेब्रुवारीत रॉय टॅपने ब्रेक केले, हे खरंच आहे. दूध घेऊन आले.


२२ एप्रिल, शनिवार

आज रॉय आला. स्वतःची व्हॅन घेऊन आला, आमच्यासारखीच, त्याची फक्त हिरवी. रॉय म्हणजे गावातला गॅरेजवाला, माझ्याहून थोडा मोठा, बोलका आणि बढाईखोर. या परगण्यात माझ्याइतके ड्रम कुणी उघडले नसतील, असं तो दर वर्षी जुन्या व्हॅनवाल्यांच्या क्लबच्या जेवणात सांगतो. आज बढाई नव्हती. टोपी हातात धरून दारात उभा.

"विल्फ, मला शिव्या द्या," तो म्हणाला.

"कशाबद्दल?" बाबांनी विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे? गावभर तेच चाललंय. मी आठवून आठवून थकलो. त्या दिवशी माझी बहीण फोनवर होती, हे मला आठवतं. कुठल्या चाकावर होतो ते आठवत नाही." मग माझ्याकडे वळला. "तू उघडलंस म्हणे. काय सापडलं?"

बाबा किटली भरत होते. पाठ आमच्याकडे.

"पुढचं डावं," मी म्हटलं. "जरा सैल होतं."

रॉय खुर्चीत बसला. "सैल," तो म्हणाला. "म्हणजे मी तिथेच होतो."

बाबांनी किटली भरून झाल्यावरही नळ बराच वेळ बंद केला नाही.

मग रॉय बाहेर गेला आणि त्याच्या व्हॅनमधून गोणपाटात गुंडाळलेली दोन जड ओझी आणून ओट्यावर ठेवली. मोडीत गेलेल्या एका नंतरच्या मॉडेलच्या पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे ड्रमपेक्षा जोरदार ब्रेक, त्यांच्या पकडी, सगळं साफ करून तेल लावलेलं. शिवाय पायाचा दाब वाढवणारा बूस्टर. स्वतःच्या व्हॅनला बसवायला म्हणून त्याने हे दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

"हे तुमच्या गाडीला बसवा," तो म्हणाला. "बसवून दिलं असतं मीच, पण तुम्हाला चालेल की नाही..."

"तू का म्हणून देतोस?" मी म्हटलं.

"मग कोण देणार? माझी आई?"

मी नको म्हणायला हवं होतं. बाबा म्हणाले, "ठेव तिथे. ज्यूडिथ बसवेल."  रॉयने चहा घेतला नाही.


२३ एप्रिल

मुलं नदीकाठच्या पाहणीला जातात तेव्हा मी त्यांना बजावते, मोजलं नसेल तर "मोजलं नाही" असं लिहा, आकडा बनवू नका. बनवलेला आकडा मला दुरून ओळखू येतो, कारण तो फार नीटनेटका असतो.

पुढचं डावं. जरा सैल. "जरा" हा शब्द मी किती छान घातला.


२९ एप्रिल, शनिवार

काम सुरू झालं. दोन्ही पुढची चाकं काढली, ड्रम उतरवले, सांधे सोडवले. गंजलेला एक नट सुटेना, त्यावर अर्धी सकाळ गेली. बाबा उलट्या बादलीवर बसून सांगत होते.

"तापव त्याला. आता पाना लाव. अंगाने ओढ, हाताने नको."

"तुम्ही करता का?"

"मी बघतो. हात तुझा बसला पाहिजे."

पूर्वी ते मला नटाला हात लावू द्यायचे नाहीत. आता स्वतः काहीच करत नाहीत, नुसते सांगतात. आत्मविश्वास गेला असावा. दुपारी मास्टर सिलिंडरची पेडलकडची दांडी लावताना तर हद्द झाली. मी त्यांच्या पायाच्या अंदाजाने ती लांब ठेवली होती. त्यांनी मला सीटवर बसवलं, सीट पुढे सरकवायला लावली आणि माझ्या पायाला पेडल कुठे येतं ते पाहून दांडी पुन्हा जुळवली.

"चालवणार तुम्ही आणि मापं माझी?" मी म्हटलं.

"तपासायला तूच चालवशील ना आधी," ते म्हणाले. विमा कंपनीला फोन करून माझं नावही घालून घेतलं त्यांनी. तपासणीपुरतं एवढं कशाला, मला कळेना, पण म्हाताऱ्या माणसाशी अशा गोष्टींवर वाद घालू नये.

त्यांचं हे असं खचणं बघवत नाही. काय झालं, मला नक्की माहीत नाही, हे मी स्वतःला सांगते. ब्रेक चांगले होते, हे मात्र नक्की माहीत आहे.


३ मे, बुधवार

गावातल्या म्हाताऱ्यांना जेवणाला नेणाऱ्या मिनीबसचं काम आता शहरातल्या गॅरेजकडे गेलं. पॉलीनने सांगितलं. ती त्या समितीवर आहे. "मी मत दिलं," ती म्हणाली, "आणि का देऊ नये? मला विचार ना, रस्त्यावर पडून वर चाक दिसतं तेव्हा कसं वाटतं."

मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं. मग मागे कुणीतरी रांगेत येऊन उभं राहिलं.

रांग नसती तर बोलले असते का? नसते.


१३ मे, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

सगळं जोडून झालं होतं. नळ्या, पकडी, बूस्टर. राहिलं होतं फक्त ब्रेकमधली हवा काढणं. याला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी छोटा नट सैल करायचा. बुडबुड्यांचं तेल नळीतून बाहेर पडलं की नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. आमच्या घरातले तीन शब्द आहेत. दाब. धर. सोड. लहानपणी मी सीटच्या टोकाला बसून दाबायचे आणि बाबा खालून ओरडायचे. "सोड" म्हणायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. मी एकदा शिंकले होते, तर बाबा दिवसभर बोलले नव्हते.

आज मी खाली आणि बाबांनी वर बसायचं. त्यांनी टाळाटाळ केली. "एकट्याने हवा काढायची बाटली मिळते म्हणे हल्ली."

"मिळते. आपल्याकडे नाही. बसा ना."

ते चढले. उजवा पाय आत घेताना त्यांनी विजार गुडघ्याशी धरून पाय हाताने उचलला. माती लागू नये म्हणून असेल, असं मला वाटलं.

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणून मी मागच्या डाव्या चाकाशी आडवी झाले. या गाडीचं इंजिन मागे असतं. माझं डोकं जवळजवळ त्याला टेकलेलं.

"दाबा," मी ओरडले.

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

नट सैल केला. नळीतून काही आलं नाही. पुन्हा. "दाबा." आणि तेव्हा कानाशी आवाज आला. टिक. बारीक, धातूचा. मी "सोडा" म्हटलं, पुन्हा टिक. तो आवाज मी ओळखते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे कार्ब्युरेटरवरची पट्टी हलते, तिचा आवाज.

"दाबा."

टिक.

"धरलंय," बाबा वरून म्हणाले. आवाजात जरासुद्धा शंका नव्हती.

मी तशीच पडून राहिले. इंजिन बंद होतं, म्हणून नुसती टिकटिक. त्या दिवशी उतारावर इंजिन चालू होतं.

"लागतंय का काही?" त्यांनी विचारलं.

"नळी चिरलीय वाटतं," मी म्हटलं. "आज राहू दे."

ते सावकाश उतरले. जमिनीवर पाय ठेवताना खाली बघून ठेवला. "मी नीट धरलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"पुढच्या वेळी रॉयला बसव," ते म्हणाले आणि आत गेले.

नळी चांगली आहे.


१४ मे

त्यांच्या पायाला काही कळत नाही. स्लिपर. हाताने उचललेला गुडघा. महिनाभर या वहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहीत होते आणि वाचत नव्हते.

आता मी दोघांशी खोटं बोलतेय. रॉयशी बोलले ते बाबांना वाचवायला, हे एक कारण. पण खरं सांगायचं तर रॉयवर ते चिकटेल हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तो तसा आहे, गडबड्या, तोंडाळ. एखाद्या शिस्तीच्या माणसाबद्दल मी ते वाक्य बोलले नसते. मी नीट निवडलं.


२० मे, शनिवार

रॉयला बोलावलं. तो आला, पण गाडीजवळ येताच हात वर केले.

"ब्रेकला मी हात लावत नाही आता. तेल बदलतो, पट्टे बदलतो, दिवे लावतो. ब्रेक नाही."

"नुसतं पेडल दाबायचंय."

"तेवढं जमेल. पाय आहेत दोन."

तो वर बसला. मी खाली. "दाब." "दाबलं, बाई." "धर." "धरलंय. सकाळपर्यंत धरतो." तेल सळसळत बाहेर आलं, आधी फेसाळ, मग स्वच्छ. चारही चाकं तासाभरात झाली. पुढच्या डाव्या चाकाशी मी होते तेव्हा तो वरून म्हणाला, "ते नीट बघ हं. तेच." मी नट आवळला. माझा हात घसरला आणि बोटाचं साल गेलं. बरं वाटलं.

"विल्फ का नाही बसले?" उतरताना त्याने विचारलं.

"कंबर," मी म्हटलं.

हे तिसरं की चौथं खोटं.

मग मी गाडी चालवून पाहिली. चॅपलच्या उतारावरूनच नेली, मुद्दाम. पायाने नुसता विचार केला तरी गाडी थांबते, सरळ रेषेत, कुरकुर न करता. इतकी वर्षं ही गाडी चालवताना पोटात एक गोळा असायचा, तो असतो हेही मला माहीत नव्हतं. आज तो नव्हता, म्हणून कळलं.

बाबांना सांगितलं. ते खूश झाले, कितीतरी दिवसांनी. "मग एकोणतीसला निघायचं," ते म्हणाले. "सार्वजनिक सुट्टीला, ठरल्यासारखं."

दर वर्षी त्या सोमवारी क्लबच्या सगळ्या जुन्या व्हॅन रांगेने मोठ्या घाटातून समुद्रकाठच्या मैदानावर उतरतात. रांगेत सगळ्यात पुढे बाबा असतात. आई होती तेव्हापासून. मागे वीसेक गाड्या, प्रत्येकीत कुणाची तरी मुलं. चार फुटांना एक फूट अशी चढण आहे त्या घाटात. म्हणजे उतरण.

"रॉय येतोय ना?" बाबांनी विचारलं.

"नाही म्हणाला. त्याची गाडी ड्रमवर आहे अजून, आणि..."

"आणि?"

"काही नाही."


२६ मे, शुक्रवार

बाबांना सांगायलाच हवं. या आठवड्यात रोज ठरवलं. सोमवारी ते रेडिओ ऐकत होते. मंगळवारी त्यांनी माझ्यासाठी खास पेस्टी, त्या सारण भरलेल्या मोठ्या करंज्या, आणून ठेवल्या होत्या. बुधवारी मी म्हटलं, "बाबा, घाटाचं..." आणि ते म्हणाले, "घाटाचं काय? ब्रेक तर आता बैलाला थांबवतील." मी हसले.

आज धीर सुटला आणि किल्ली लपवायचं ठरवलं. सेहेचाळीस वर्षांची बाई, बापाची किल्ली लपवते. खुंटीवर बघितलं तर नव्हती. सगळं घर शोधलं. शेवटी माझ्याच कोटाच्या खिशात सापडली. बाबा हल्ली वस्तू कुठेही ठेवतात.


२९ मे, सोमवार

पहाटेच जाग आली. ठरवलं की व्हॅनच्या दारात आडवी उभी राहून सांगेन. खाली आले तर बाबा गाडीत बसले होते. डाव्या बाजूला, शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर सँडविचचा डबा. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली, माझ्या मापाला.

"चल," ते म्हणाले. "आधी रॉयकडे."

मी काही न विचारता बसले. खिशातून किल्ली काढली.

रॉय गॅरेजसमोर स्वतःची हिरवी व्हॅन धूत होता. आमची गाडी बघून हातातल्या स्पंजसकट उभा राहिला. बाबांनी काच खाली केली.

"रॉय, इकडे ये. माझा मोजा काढ."

"काय?"

"उजवा. वाकता येत नाही मला, आणि हे काम हिला सांगायचं नाही."

रॉयने दार उघडलं, खाली बसून बूट काढला, मोजा काढला. टाचेवर आणि घोट्यावर मोठा भाजल्याचा डाग होता, जुना, कडेने बरा होत आलेला.

"हे कशाने?"

"गरम पाण्याची पिशवी. सकाळी चादर बघितली तेव्हा समजलं."

"दुखलं नाही?"

"तेच सांगतोय. नाताळपासून त्या पायाला काही दुखत नाही. काही लागत नाही. त्या दिवशी उतारावर मी ब्रेक दाबलाच नव्हता, रॉय. दाबला असं वाटलं. तुझं काम चोख होतं."

रॉय मोजा हातात धरून बसून राहिला.

"लायसन मी परत पाठवलंय," बाबा म्हणाले. "आधी पाठवायला हवं होतं. आणि आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. लाज वाटली. या वयात वाटू नये म्हणतात, पण वाटते. ज्यूडिथला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पोरगी बिचारी तुझ्या कामात चूक शोधत बसली."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यासाठी सुटायची वाट मोकळी ठेवली होती त्यांनी. मी नुसती मान खाली घालून बसले असते तरी सुटले असते.

रॉयने हळूच मान वर केली. "मग पुढचं डावं?" त्याने मला विचारलं. "सैल होतं म्हणालीस."

"नव्हतं," मी म्हटलं.

"थोडंसुद्धा?"

"काहीच सैल नव्हतं. चारही चाकं चांगली होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुझ्याशी बोलले त्याच्या आधी."

तो उठला. स्पंजमधून पाणी त्याच्या बुटावर ठिबकत होतं. "मी ते चाक रोज परत लावतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "जेवताना लावतो. आंघोळ करताना लावतो. बायको विचारते हात का हलवतोस. फेब्रुवारीतला तो दिवस मी इतक्या वेळा उघडलाय, आणि दर वेळी मला तिथे सैल नट दिसतो. दिसतो मला, ज्यूडिथ. आता तू म्हणतेस तो नव्हताच."

"नव्हता. मी सगळ्यांना सांगेन. पॉलीनला, समितीला. आणि तुझ्या डिस्क काढून परत आणते, उद्याच."

"काढून काय आणतेस. म्हाताऱ्याला घाटातून ड्रमवर नेशील?" त्याने स्पंज बादलीत फेकला. मग वाकून बाबांना मोजा चढवला, बूट चढवला, नाडी बांधली, दोनदा गाठ मारली. "डॉक्टरला दाखवा हा पाय, विल्फ." माझ्याकडे न बघता त्याने दार लावलं. "जा. लोक खोळंबले असतील."

गाव मागे पडलं.

"तू चाकं उघडलीस तेव्हा मी खिडकीत होतो," बाबा म्हणाले. "चार काढलीस, चारही तशीच लावलीस. एक वायसरसुद्धा बदललं नाहीस. तेव्हाच समजलो मी."

"आणि रॉयला मी सांगितलं तेव्हा?"

"नळ चालू होता. पण ऐकू येत होतं."

"मग डिस्क का घेतल्या?"

"तुला चालवायला. दुसऱ्या कशाला?" ते डब्याशी चाळा करत होते. "घ्यायला नको होत्या. पण तुला ड्रमवर त्या घाटात पाठवणं मला जमलं नसतं. हे मी तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होतो. तू काय सांगत होतीस?"

"तेच," मी म्हटलं.

घाटात मी पुढे होते, मागे सगळी रांग. गाडी अगदी सहज उतरली. हे ब्रेक मला लाभायला नको होते, असं प्रत्येक वळणावर वाटत होतं, आणि प्रत्येक वळणावर ते लागत होते.


३० मे

दुकानात गेले. रांग होती. रांगेसमोरच सांगितलं: ब्रेक चांगले होते, रॉयची चूक नव्हती, मी खोटं बोलले, आणि मिनीबस त्याच्याकडे परत जायला हवी. बाबांच्या पायाचंही सांगितलं. त्यांनीच सांग म्हटलं होतं.

पॉलीनने माझं चीज कापून, तोलून, कागदात गुंडाळलं.

"तुला पोलिसांत जायचं असेल तर जा," मी म्हटलं.

"मला काय करायचं ते मी बघेन," ती म्हणाली. "अजून काही हवंय?"


५ जून, सोमवार

सुट्टी संपली, शाळा उघडली. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं. माझी गाडी होती, पण ते म्हणाले व्हॅनने जाऊ. वाटेत रॉयच्या गॅरेजसमोरून गेलो. दार उघडं होतं, वर एक गाडी चढवलेली, पण तो कुठल्या चाकाशी होता ते दिसलं नाही. मी हात केला. त्याने केला नाही, किंवा बघितलं नसेल. बघितलं असेल.

चॅपलच्या उतारावरून खाली आले. पॉलीन नवीन काठी घेऊन मध्ये आली आणि पाटी आडवी धरली. मी चांगली लांबवरच थांबवली. मुलं पलीकडे गेली. दप्तराला धरून ओढलेली ती मुलगीही गेली. आईचा हात धरून, आमच्याकडे बघत.

रस्ता रिकामा झाला तरी पॉलीन हलली नाही. पाटी तशीच आडवी. काचेतून सरळ माझ्याकडे बघत, गाडीच्या नाकासमोर, बरा झालेला पण अजून ताठच असलेला तो गुडघा पुढे काढून उभी. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. कुणीतरी हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

पाय पेडलवर होता. पोटरी थरथरायला लागली.

"धर," बाबा शेजारून हळूच म्हणाले.

मी धरून ठेवलं.